पहिली तीन वर्षे : मॉन्टेसरी तत्त्वे आणि घर

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षे वयोगटास कलम २१-अ अन्वये शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण मात्र कलम ४५ मध्ये, म्हणजे राज्यधोरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत राहिले. पुढे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षणाचा पायाभूत स्तर वयाच्या तिसऱ्या वर्षापासून मानला. मेंदूच्या एकूण विकासापैकी ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहाव्या वर्षापूर्वीच होतो, असेही हेच धोरण सांगते. मग जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बालकाची शाळा कोणती? बहुतांश भारतीय बालकांच्या बाबतीत याचे उत्तर ‘घर’ हेच आहे. त्या घरात काय घडावे, याचा सर्वांत सुसंगत विचार ज्यांनी मांडला त्यांत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. या विचाराच्या परिपक्वतेत भारताचाही वाटा आहे, हे परीक्षार्थींनी ध्यानात घ्यावे.

मॉन्टेसरी (१८७०-१९५२) या मूळच्या वैद्यकीय पदवीधर. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सॅन लोरेन्झो या श्रमिक वस्तीत त्यांनी पहिले ‘बालकांचे घर’ सुरू केले. तेथील मुले प्रामुख्याने तीन वर्षांवरील होती. १९३९ च्या अखेरीस त्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळील अड्यार येथे प्रशिक्षणवर्ग घेण्यासाठी आल्या. जून १९४० मध्ये इटली महायुद्धात उतरला आणि इटालियन नागरिक या नात्याने त्या ‘शत्रुपक्षीय’ ठरल्या. त्यांचे पुत्र मारिओ यांना अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. आईच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या सुमारास त्यांची सुटका झाली. काही महिन्यांचा नियोजित मुक्काम युद्धामुळे लांबला. अड्यार व कोडाईकॅनाल येथील या वर्षांत तान्ह्या बालकांचे निरीक्षण त्यांच्या चिंतनाच्या केंद्रस्थानी आले. पुढे अहमदाबाद येथे दिलेल्या व्याख्यानांवर आधारलेला ‘द अ‍ॅबसॉर्बंट माइंड’ हा ग्रंथ १९४९ मध्ये अड्यारहूनच प्रथम प्रसिद्ध झाला. मूल सतत अंगाखांद्यावर घेऊन बाजारात, कामावर वावरणाऱ्या मातांचे त्यांनी त्यात कौतुक केले आहे. अशा बालकाला माणसे, भाषा आणि व्यवहार आपोआप लाभतात, असे त्यांचे म्हणणे होते.

‘ग्रहणशील मन’ ही त्यांची मध्यवर्ती संकल्पना. जन्मापासून सहा वर्षांपर्यंत बालक परिसर शोषून घेते. पहिल्या तीन वर्षांत ही क्रिया अजाणता होते, नंतरच्या तीन वर्षांत ते जाणीवपूर्वक हाताने कामे करून मिळवलेले पक्के करते. मातृभाषा हे याचे सर्वपरिचित उदाहरण. ती कोणी शिकवीत नाही, तरीही तिसऱ्या वर्षाच्या सुमारास मूल वाक्ये बोलू लागते. दुसरी संकल्पना ‘संवेदनक्षम कालखंडां’ची. भाषा, हालचाल, बारीक वस्तू, सुव्यवस्था यांपैकी एकेका गोष्टीची ओढ विशिष्ट काळात तीव्र असते आणि त्या काळात ती गोष्ट अल्पायासाने साध्य होते.

यांतील सुव्यवस्थेची ओढ प्रौढांना सहसा उमगत नाही. मॉन्टेसरींनी नोंदविलेला एक प्रसंग बोलका आहे. एका आईने उकडते म्हणून अंगावरील कोट काढून हातावर घेतला आणि तिचे लहान मूल आक्रोश करू लागले. कोणत्याही समजावणीने ते शांत होईना. आईने कोट पुन्हा अंगात घातला, तेव्हा रडणे थांबले. आपण ज्याला हट्ट म्हणतो, ती पुष्कळदा जगाची घडी विस्कटल्याची तक्रार असते. म्हणून चप्पल, पेला, झोपण्याची जागा, अंघोळीची वेळ यांत सातत्य ठेवणे हाच या वयातील पहिला पाठ होय. येथे प्रौढांची शिस्त लागते. बालकाला ती आपसूक प्रिय असते.

घरातील परिसर सुसज्ज करणे म्हणजे खेळणी विकत घेणे नव्हे. ‘मॉन्टेसरी’ या नावावर कोणा एकाची मालकी नाही. परिणामी महागडी लाकडी उपकरणे व शुल्कप्रधान बालवर्ग त्या नावाखाली सर्रास विकले जातात. प्रत्यक्षात तत्त्व साधे आहे : बालकाला आवश्यक ती वस्तू त्याच्या हाती यावी इतक्या उंचीवर असावी, संख्येने मोजकी असावी आणि ठरल्या जागी असावी. उंच पलंग वा कठड्याच्या खाटेऐवजी जमिनीवरील अंथरूण सुचविले जाते, ते बालकाला जागे झाल्यावर स्वतःहून सरकता यावे म्हणून. भारतीय घरात जमिनीवरचे बिछाने, पाट, चटई हे मुळातच आहे. या बाबतीत आपली गरीब घरे पुष्कळ श्रीमंत घरांपेक्षा पुढे आहेत.

हालचालीविषयीही हेच. जुना लाकडी पांगुळगाडा बालकाला स्वतः उभे राहून, स्वतः ढकलून चालावे लागते. त्याची जागा आसनाच्या वॉकरने घेतली, ज्यात मूल उभे राहण्यापूर्वीच बसवले जाते आणि त्याला नको तितका वेग मिळतो. अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे मात्र तो आजही बारशाच्या भेटवस्तूंत दिसतो.

दीड वर्षानंतर ‘जीवनव्यवहारा’ची कामे येतात. कांदे-बटाटे वेगवेगळ्या टोपल्यांत टाकणे, सांडलेले पाणी फडक्याने पुसणे, कणकेचा गोळा मळणे, लहान तांब्यातून वाटीत पाणी ओतणे ही ती कामे. पाणी सांडले की चूक स्वतःलाच दिसते, कोणी रागावण्याची गरज उरत नाही. उपकरणातच चुकीचे दर्शन घडावे, हे मॉन्टेसरी साहित्याचे तत्त्व येथे वाटी-तांब्यात साधते. मात्र वाटाणे, शेंगदाणे, मणी यांसारख्या घशात अडकणाऱ्या वस्तू आणि भरलेली बादली यांपासून या वयाचे मूल दूरच ठेवावे. स्वातंत्र्य म्हणजे दुर्लक्ष नव्हे.

भाषेबाबत दोनच पथ्ये पुरेशी आहेत. वस्तूंची नावे खरी आणि स्पष्ट उच्चारावीत. बोबडे अनुकरण टाळावे. आणि बोलणे माणसाचे असावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाखालील बालकांसाठी पडद्यासमोरचा वेळ मुळीच नसावा, एक वर्षाच्या मुलांसाठीही त्याची शिफारस नाही आणि दोन वर्षांनंतर तो दिवसाला एक तासाहून अधिक नसावा. घास भरवताना हाती मोबाइल देण्याची प्रथा या कसोटीवर उतरत नाही. शिवाय तिच्यामुळे हाताने खाण्याची संधीही हिरावली जाते, हे वेगळेच.

सर्वांत अवघड भाग प्रौढांच्या वाट्याचा आहे. झाकण लावण्यात गढलेल्या मुलाला शाबासकी देऊनही त्याची एकाग्रता भंगते. मदत हवी तेथे द्यावी, नको तेथे हात आवरावा; आणि कोठे नको हे निरीक्षणाशिवाय कळत नाही. या निरीक्षणाला पैसा लागत नाही, पण वेळ लागतो.

या तत्त्वांचे भारतीयीकरण आपल्याकडे फार पूर्वी झाले. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. मॉन्टेसरींचे अनुयायी असूनही त्यांनी कथेला मध्यवर्ती स्थान दिले. लहानग्यांसाठी कल्पित कथांबाबत मॉन्टेसरी स्वतः साशंक होत्या. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या आदिवासी भागात काम उभारले; अनुताई वाघ यांनी ते पुढे नेले. आयात उपकरणांऐवजी शिंपले, बिया, माती ही साधने आली. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने त्याच्या अंगणात जावे, या विचारातून ‘अंगणवाडी’ जन्मली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी देशभर नेली. तिच्या सहा सेवांपैकी पूर्वप्राथमिक शिक्षण ही सेवा ३ ते ६ वयोगटासाठी होती. त्याखालच्या बालकांपर्यंत प्रामुख्याने पोहोचले ते घरी न्यावयाचे पोषण आहाराचे पाकीट, लसीकरण व आरोग्य तपासणी. कुपोषणाची तीव्रता पाहता हा अग्रक्रम चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु आहार आणि उद्दीपन यांची फारकत झाली ती दीर्घकाळ टिकली. २०१८ पासून आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यांत घरभेटी देऊ लागली. २०२४ मध्ये महिला व बालविकास मंत्रालयाने जन्म ते तीन वर्षांसाठी ‘नवचेतना’ हा उद्दीपनाचा राष्ट्रीय आराखडा आणि तीन ते सहा वर्षांसाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. ‘नवचेतना’त महिनावार कृती दिल्या आहेत.

प्रश्न उरतो तो वेळेचा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सवेतन प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. शेतमजूर, बांधकाम कामगार, घरकामगार स्त्रिया बहुतांशी या कक्षेबाहेर राहिल्या. रजा मिळणाऱ्या मातेचीही रजा सहाव्या महिन्यात संपते. सरकणे, उभे राहणे, पहिला शब्द हे सारे त्यानंतरचे. त्या काळात मूल ज्या आजीच्या, थोरल्या बहिणीच्या वा पाळणाघराच्या ताब्यात असते, तिच्यापर्यंत वरील विचार पोहोचला नाही, तर आईला दिलेली पुस्तिका निरुपयोगी ठरते. थोरली बहीण शाळेत जाण्याच्या वयाची असेल, तर एकाच्या संगोपनासाठी दुसरीचा कलम २१-अ खालील हक्क खर्ची पडतो.

‘मिशन शक्ती’अंतर्गत ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकांसाठी महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास पाळणाघर चालविण्याची तरतूद आहे. एका पाळणाघरात २५ पर्यंत बालके, एक सेविका आणि एक मदतनीस. तीन वर्षांखालील मुले अधिक असतील तेथे हे मनुष्यबळ भरविणे, निजविणे व स्वच्छता यांतच संपते. आराखड्यातील कृतींसाठी तिसरी व्यक्ती नेमायची की बालकांची संख्या कमी करायची, हा निर्णय राज्यांना आणि केंद्राला मिळून घ्यावा लागेल. दोन्ही पर्यायांना खर्च आहे.