रुपयाचे चिन्ह आणि संगणकावरील अक्षर

प्रस्तावना

किराणा दुकानातील पावती, विजेचे देयक, बँकेचे पासबुक, मोबाइलवर आलेला संदेश या सर्वांत कोठे ना कोठे रकमेचा उल्लेख असतो. काही ठिकाणी रकमेच्या आधी ₹ हे चिन्ह दिसते, काही ठिकाणी ‘रु.’ हे संक्षिप्त रूप दिसते, तर एखाद्या छापील कागदावर चिन्हाच्या जागी नुसता रिकामा चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटलेले असते. वाचणारा क्षणभर थबकतो. लिहिणाऱ्याने चूक केली, असे त्याला वाटते. वस्तुतः लिहिणाऱ्याच्या संगणकावर ते चिन्ह अगदी बरोबर दिसलेले असते. मग ते वाटेत हरवले कोठे?

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला रुपयाचे चिन्ह कसे तयार झाले हे सांगता येईल, संगणकातील अक्षराचे ‘रूप’ आणि त्याचा ‘क्रमांक’ यांतील भेद समजेल आणि आपल्या अर्जात, पत्रात वा देयकात हे चिन्ह योग्य प्रकारे वापरता येईल.

चिन्हाचा जन्म

डॉलर, पौंड, येन आणि युरो या चलनांना स्वतःची चिन्हे होती. रुपयाला मात्र दीर्घकाळ तसे चिन्ह नव्हते. मराठीत ‘रु.’, कन्नडमध्ये ‘रू.’, इंग्रजीत ‘आर’ आणि ‘एस’ ही दोन अक्षरे, असे ज्या त्या भाषेचे संक्षेप चालत. इंग्रजीतील संक्षेप तर पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका या देशांच्या रुपयांनाही लागू पडत असे. भारतीय रुपया इतर रुपयांहून वेगळा ओळखता यावा, म्हणून केंद्र सरकारने २००९ साली चिन्हासाठी देशव्यापी स्पर्धा जाहीर केली. तिला तीन हजारांहून अधिक प्रतिसाद आले. त्यांतून पाच आराखडे निवडले गेले आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने धर्मलिंगम उदयकुमार यांच्या आराखड्याला मान्यता दिली. उदयकुमार हे तमिळनाडूचे. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी संशोधन केले होते.

चिन्हाची घडण साधी आहे. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा मेळ त्यात घातलेला आहे. रोमन अक्षराचा उभा दंड मात्र गाळलेला आहे. वरची आडवी रेघ म्हणजे देवनागरीची शिरोरेखा. तिच्याखाली समांतर दुसरी रेघ आहे. या दोन रेघा आणि त्यांमधील मोकळी जागा मिळून तिरंग्याचा भास व्हावा, अशी कल्पना आहे. मराठी वाचकाला हे चिन्ह पाहताच ओळखीचे वाटते, याचे कारण ती शिरोरेखाच होय.

नाण्यांवर हे चिन्ह २०११ पासून येऊ लागले आणि पाठोपाठ नोटांवरही आले. नाणे आणि नोट यांच्या बाबतीत काम तुलनेने सोपे होते. नोटा छापणाऱ्या ‘भारतीय रिझर्व्ह बँक नोट मुद्रण’ या कंपनीचे मुख्यालय बेंगळूरुला आहे आणि तिचे छापखाने म्हैसूर व सालबोनी येथे आहेत. अशा छापखान्यात चिन्हाची आकृती एकदा ठशावर उतरली, की काम झाले. प्रत्येक नोटेवर तेच चित्र उमटते आणि ते पुढे कोणाच्याही हाती गेले तरी बदलत नाही. संगणकाचे तसे नाही. संगणकावर लिहिलेले अक्षर एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाते, तेव्हा त्याचे चित्र बरोबर जातेच असे नाही.

एक युक्ती आणि तिची मर्यादा

चिन्ह मंजूर झाले, पण ते कोणत्याही कळफलकावर नव्हते आणि कोणत्याही फॉण्टमध्ये नव्हते. लोकांना ते लगेच वापरायचे होते. कर्नाटकातील फोरॅडियन टेक्नॉलॉजीज या कंपनीने थोड्याच दिवसांत एक फॉण्ट तयार करून सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिला. कळफलकाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, एक या अंकाच्या अलीकडे, एक क्वचितच लागणारी कळ असते. तिच्यावर उलट्या तिरप्या स्वराघातासारखी बारीक खूण असते. या फॉण्टमध्ये त्या खुणेच्या जागी रुपयाचे चित्र बसवलेले होते. फॉण्ट निवडावा, ती कळ दाबावी आणि पडद्यावर ₹ पाहावे, इतके ते सोपे होते. गरजेच्या वेळी केलेली ही सोय चतुराईची होती आणि हजारो लोकांनी तिचा लाभ घेतला, यात शंका नाही.

तिची मर्यादा एका कल्पित उदाहरणावरून पाहू. बेंगळूरुच्या चिकपेठेत एका मराठी व्यापाऱ्याचे कापडाचे दुकान आहे, असे समजा. २०११ साली त्याच्या कारकुनाने आपल्या संगणकावर रुपयाचा तो फॉण्ट बसवला आणि इचलकरंजीच्या कारखानदाराला दरपत्रक पाठवले. प्रत्येक दराच्या आधी त्याने नवे चिन्ह हौसेने घातले होते. दुसऱ्या दिवशी इचलकरंजीहून फोन आला, ‘‘शेठ, कागद मिळाला. पण दर आकड्यांच्या आधी ही कसली बारीक रेघ मारली आहे? वजाबाकीची आहे का?’’ कारखानदाराच्या संगणकावर तो फॉण्ट नव्हता. त्यामुळे तेथील यंत्राने मूळ खूण दाखवली. कारकुनाने रुपया लिहिला असे त्याला वाटत होते. प्रत्यक्षात त्याने ती बारीक खूण लिहून तिला रुपयाचा अंगरखा चढवला होता. अंगरखा बेंगळूरुतच राहिला आणि खूण तेवढी इचलकरंजीला पोहोचली.

त्या काळात अशा रीतीने तयार झालेला मजकूर आजही कोठे कोठे सापडतो. त्यातील परिच्छेद उचलून दुसऱ्या फाइलमध्ये घेतला, की आकड्यांच्या आधी तीच बारीक खूण उमटते. शिवाय ‘रुपया’ म्हणून शोध घेतला तर संगणकाला तेथे रुपया सापडत नाही, कारण तो तेथे लिहिलेलाच नसतो.

पाठगत प्रश्न
१. नोटेवरील चिन्ह आणि संगणकावरील चिन्ह यांत कोणता फरक आहे?
२. इचलकरंजीच्या कारखानदाराला चिन्ह का दिसले नाही?

अक्षराचा क्रमांक

संगणक अक्षरे ओळखत नाही, आकडे ओळखतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक ठरावीक क्रमांक द्यावा लागतो. जगातील सर्व लिप्यांच्या अक्षरांना असे क्रमांक देणारी जी सामायिक पद्धत आहे, तिला युनिकोड म्हणतात. क्रमांक म्हणजे अक्षराची ओळख आणि फॉण्ट म्हणजे त्या अक्षराचे वळण. एकाच माणसाने धोतर नेसले काय किंवा विजार घातली काय, शिधापत्रिकेवरील त्याचे नाव बदलत नाही, तसेच हे आहे. फॉण्ट बदलला तर अक्षर जाड, बारीक, सुबक वा ओबडधोबड दिसेल. पण क्रमांक योग्य असेल तर ते अक्षर तेच राहील.

भारत सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने रुपयाच्या चिन्हासाठी क्रमांक मिळावा, असा प्रस्ताव पाठवला. तो त्वरेने मान्य झाला आणि ऑक्टोबर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत ₹ चा समावेश झाला. दशमान पद्धतीने त्याचा क्रमांक ८३७७ आहे. युनिकोडमध्ये आधीपासून ८३६० या क्रमांकावर ‘आर’ आणि ‘एस’ जोडून लिहिलेले जुने रुपयाचिन्ह होते. ते काढून टाकले गेले नाही, कारण एकदा दिलेला क्रमांक परत घ्यायचा नाही, असा युनिकोडचा दंडक आहे. चिन्हांच्या यादीतून निवड करताना घाईत हे जुने चिन्ह निवडले जाते. तेवढी काळजी घ्यावी.

क्रमांक मिळाला तरी काम अर्धेच झाले होते. त्या क्रमांकासमोर चित्र असलेले फॉण्ट प्रत्येक संगणकावर पोहोचायला हवे होते. उबुंटू या मुक्त संगणकप्रणालीच्या ऑक्टोबर २०१० मधील आवृत्तीत ते होते. विंडोज सातसाठी मायक्रोसॉफ्टने २०११ साली स्वतंत्र सुधारणा दिली. परंतु त्याआधीच्या विंडोज एक्सपीसाठी ती मिळाली नाही आणि कितीतरी कार्यालयांत तेव्हा एक्सपीच चालत होती. तेथे क्रमांक बरोबर पोहोचे, पण त्याच्यासमोरचे चित्र नसे. अशा वेळी यंत्र रिकामा चौकोन काढते. चौकोनाचा अर्थ ‘अक्षर आहे, पण ते काढण्याचे वळण माझ्यापाशी नाही’ असा होतो. येथे मजकूर बिघडलेला नसतो. त्याच फाइलला चांगला फॉण्ट मिळाला, तर चिन्ह आपोआप दिसू लागते. बारीक खुणेच्या बाबतीत असे कधीच घडत नाही.

मराठीचा जुना अनुभव

मराठी टंकलेखकांना हा प्रश्न नवा नव्हता. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर अशाच युक्तीने लिहिला जाई. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीची चित्रे बसवलेली असत आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असे. पुण्यातील श्रीलिपीत टंकलेला मजकूर ते फॉण्ट नसलेल्या संगणकावर उघडला, तर रोमन अक्षरांचा आणि खुणांचा निरर्थक ढीग दिसे. बेंगळूरुमध्ये कन्नड गणक परिषदेने तयार केलेल्या ‘नुडी’च्या आरंभीच्या आवृत्त्यांतही कन्नड अक्षरे अशीच चित्रांच्या सांकेतिक मांडणीवर उभी होती. पुढे नुडीने युनिकोडचा स्वीकार केला. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ हा युनिकोड देवनागरी फॉण्ट मराठी कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटला. पवईच्या ज्या केंद्रात पुढे उदयकुमारांनी संशोधन केले, तेथेच जोशी यांनी अध्यापन केले होते.

या पार्श्वभूमीवर पाहिले, तर रुपयाच्या चिन्हाचे नशीब चांगलेच म्हणावे लागेल. मराठीला जे साधायला अनेक वर्षे लागली, ते त्याला मंजुरीनंतर तीन महिन्यांत मिळाले.

चिन्ह लिहावे कसे

विंडोजमध्ये ‘इंग्रजी (भारत)’ हा कळफलक निवडला असेल, तर उजवीकडील ऑल्ट कळ दाबून धरून चार या अंकाची कळ दाबावी. वर्ड या प्रणालीत डावी ऑल्ट कळ दाबून धरून उजवीकडच्या अंकफलकावर ८३७७ टंकले तरी चिन्ह येते. मोबाइलच्या कळफलकावर चलनाची कळ थोडा वेळ दाबून धरली, की इतर चलनांसह ₹ समोर येतो.

चिन्ह रकमेच्या आधी लिहावे : ₹ ५००. ‘₹ ५०० रुपये’ असे लिहू नये. चिन्हातच रुपये आले. मराठी मजकुरात ‘रु. ५००’ किंवा ‘५०० रुपये’ असे लिहिण्यात काहीही गैर नाही. वाक्यात तर ‘पाचशे रुपये’ हेच अधिक शोभते. चिन्हाची खरी जागा देयक, तक्ता आणि दरपत्रक यांत आहे. लाखाच्या रकमेत स्वल्पविराम भारतीय पद्धतीने द्यावा : ₹ १,२५,०००. संगणकाचा प्रदेश परदेशी निवडलेला असेल, तर तो हीच रक्कम १२५,००० अशी मांडतो.

हिशेबाच्या तक्त्यात चिन्ह हाताने टंकण्याऐवजी रकान्यासाठी ‘चलन’ हे स्वरूप निवडावे. मग घरात केवळ आकडा राहतो आणि चिन्ह त्याच्या दर्शनी रूपात येते. जुन्या युक्तीची बारीक खूण आकड्याआधी टंकली, तर संगणक त्या घराला शब्द समजतो आणि बेरजेत ती रक्कम धरतच नाही. दिसायला तक्ता पूर्ण, बेरीज मात्र कमी. रोजमेळ लिहिणाऱ्याला याचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. दुसऱ्याकडे कागद पाठवताना तो पीडीएफ स्वरूपात, फॉण्ट अंतर्भूत करून पाठवला, तर चित्र सोबत जाते.

बँकेच्या संदेशांत अजूनही ‘आर-एस’ किंवा ‘आयएनआर’ ही रोमन अक्षरे का दिसतात, असा प्रश्न पडेल. साध्या लघुसंदेशाच्या मूळ वर्णसंचात ₹ नाही. एका संदेशात १६० अक्षरे मावतात. पण त्यात ₹ हे एक चिन्ह जरी घातले, तरी सारा संदेश दुसऱ्या पद्धतीने पाठवावा लागतो आणि मग केवळ ७० अक्षरे मावतात. एकाचे दोन-तीन संदेश होतात आणि खर्चही वाढतो. मराठीतील लघुसंदेश ७० अक्षरांतच संपतो, त्याचे कारणही हेच.

अक्षरी रक्कम

कागदाचे छायाचित्र घेऊन त्यातील मजकूर यंत्राकडून वाचून घेण्याची सोय आता सर्वत्र झाली आहे. असे वाचन करताना यंत्र ₹ या चिन्हाला कधी कधी २ किंवा ७ हा अंक समजते. म्हणजे ₹ ५०० चे २५०० होऊ शकतात. हाताने घाईत लिहिलेल्या चिन्हाबाबत माणसाचीही अशी गफलत होऊ शकते. म्हणून चिन्ह आणि अंक यांत थोडी जागा सोडावी आणि महत्त्वाच्या कागदावर रक्कम अक्षरांतही लिहावी. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या अठराव्या कलमानुसार धनादेशावरील अंकी आणि अक्षरी रक्कम भिन्न असेल, तर अक्षरी रक्कम खरी धरली जाते. ‘अक्षरी रुपये पाचशे मात्र’ या शब्दांतील ‘मात्र’ पुढे कोणी काही वाढवू नये म्हणून लिहिलेला असतो.

शब्दार्थ
कळफलक – संगणकावर अक्षरे टंकण्यासाठी असलेला कळांचा फलक. शिरोरेखा – देवनागरी अक्षराच्या डोक्यावरची आडवी रेघ. दंडक – नियम. अंतर्भूत – आत सामावलेले. परक्राम्य संलेख – एकाकडून दुसऱ्याकडे हस्तांतरित करता येणारा पैशाचा दस्तऐवज, उदा. धनादेश, रोजमेळ – दैनंदिन जमाखर्चाची वही.

स्वाध्याय
१. ‘अंगरखा बेंगळूरुतच राहिला आणि खूण तेवढी इचलकरंजीला पोहोचली’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. रिकामा चौकोन दिसणे आणि बारीक खूण दिसणे यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
३. घरातील तीन पावत्या किंवा देयके घ्या. त्यांवर रुपया कोणकोणत्या प्रकारे दर्शवला आहे, ते पाहून पाच ओळी लिहा.
४. पुढील रकमा चिन्हासह अंकांत आणि नंतर अक्षरांत लिहा : सातशे पन्नास; बारा हजार चारशे; दोन लाख पाच हजार.