अन्य धर्मीयांबरोबर सेवा: संत पौलाने वेचलेल्या काटक्या



या महिन्याच्या समूह-बैठकीसाठी प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील २७ आणि २८ हे शेवटचे दोन अध्याय घेतले आहेत. कृपया ते घरी वाचून या. २७ वा अध्याय लांबलचक आहे, पण आपल्या कोळी बांधवांना तो सर्वांत जास्त आवडेल. वारा, नांगर, खोली मोजणे, माल समुद्रात फेकणे, सगळे त्यात आहे.

कैदी पौलाला रोमला नेणारे तारू वादळात सापडते. त्यावर २७६ माणसे आहेत. तारू फुटते. कैदी पळून जातील या भीतीने शिपाई त्यांना ठार मारायला निघतात, पण शताधिपती त्यांना अडवतो. कोणी पोहत, कोणी फळ्या धरून माल्टा बेटाच्या किनाऱ्याला लागतात. पाऊस सुरू झालेला, अंगात हुडहुडी भरलेली. बेटावरचे लोक ना यहुदी ना ख्रिस्ती. त्यांची भाषाही परकी, म्हणून लूक त्यांना ‘बर्बर’ म्हणतो. आणि लगेच सांगतो की त्या लोकांनी आमच्यावर विलक्षण दया केली, शेकोटी पेटवली आणि आम्हा सर्वांना जवळ घेतले.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असते. पुढे विषारी सापाची गोष्ट येते आणि आपले लक्ष सापाकडेच जाते. पण साप आला कुठून? पौलाने गोळा करून विस्तवावर टाकलेल्या काटक्यांतून. म्हणजे अथेन्समध्ये विद्वानांसमोर बोललेला हा प्रेषित, ओलाचिंब कैदी, परक्यांनी पेटवलेल्या शेकोटीसाठी वाकून काटक्या वेचत होता. आग त्यांची होती, पण पौल पाहुणा म्हणून नुसता शेकत बसला नाही. त्याने तिथे आपली वेगळी शेकोटीही पेटवली नाही. आजच्या पाठाचा गाभा मला या एका ओळीत दिसतो.

पुढे बेटाचा प्रमुख पुब्लिय याचे वडील ताप व आवेने आजारी असतात. पौल प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवतो आणि ते बरे होतात. त्याने आपला प्रभू लपवून ठेवलेला नाही, हे नीट ध्यानात घ्या. तीन महिन्यांच्या त्या मुक्कामातले एकही प्रवचन किंवा एकही बाप्तिस्मा लूकने नोंदवलेला नाही. माल्टाची परंपरा पुब्लियला तिथला पहिला बिशप मानते, पण ती परंपरा झाली. शास्त्रात आहे ती शेकोटी, आजाऱ्यांची सेवा आणि निघताना बेटकऱ्यांनी दिलेली शिदोरी.

आता माल्टाहून मुंबईकडे येऊ. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत, श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार, ९०० माणसे गेली. आपल्या वसईतून रोज लोकलने मुंबईला नोकरीला जाणाऱ्या ज्येष्ठांना ते दिवस आठवत असतील. त्याच काळात भिवंडी मात्र शांत राहिली. १९७० आणि १९८४ मध्ये होरपळलेले हे गाव शांत कसे राहिले? पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांना दंगल नसताना, साध्या दिवसांत, एकत्र बसवायचे, एवढाच त्यामागचा विचार.

त्यावरून धडा घेऊन १९९४ मध्ये मुंबईत मोहल्ला कमिटी चळवळ सुरू झाली. तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, समाजसेविका सुशोभा बर्वे आणि माजी पोलीस आयुक्त जुलिओ रिबेरो हे त्यात पुढे होते. रिबेरो हे मूळ गोव्याच्या कॅथलिक कुटुंबातले. पंजाबचे पोलीस महासंचालक म्हणून त्यांनी फार कठीण दिवस काढले. असा माणूस निवृत्तीनंतर वस्त्यांतल्या बैठकांना जाऊन बसू लागला.

या बैठकांत बोलणे काय होई? शांततेवर भाषणे कमी, नळाचे पाणी, तुंबलेली गटारे, कचरा आणि गल्लीतली भांडणे यांवरच जास्त. गटार कोणाचाही धर्म विचारून तुंबत नाही. पाण्यासाठी चारदा एकत्र गेलेली माणसे पाचव्यांदा अफवा उठली की एकमेकांना फोन करून खरे-खोटे विचारतात. धारावीतले भाऊ कोरडे आणि वकार खान हे दोन मित्र असेच काम करीत. वकार खान यांनी चार मुलांना पंडित, मौलवी, पाद्री आणि शीख अशा वेशांत उभे करून ‘हम सब एक हैं’ असे पोस्टर काढले. ते अनेकांनी पाहिले असेल. या दोघांवर २००३ मध्ये ‘नाता’ नावाचा माहितीपटही निघाला.

आपल्या वसईतही हे नवीन नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याबरोबर हरित वसईच्या आंदोलनात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान असे सगळेच उतरले होते, कारण विहिरी सगळ्यांच्याच आटणार होत्या. फादर २५ जुलै २०२४ रोजी देवाघरी गेले. त्यांना निरोप देताना हळहळणारे केवळ ख्रिस्ती नव्हते.

तरीही समूहांत प्रश्न येतात आणि ते यायलाच हवेत. “फादर, मंडळाच्या मुलांबरोबर रक्तदान शिबिर घेतले तर आपला विश्वास पातळ होणार नाही का?” या प्रश्नामागची काळजी खरी आहे. ‘सर्व धर्म सारखेच’ असे म्हणून मोकळे होणे ही ख्रिस्तसभेची शिकवण नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ या दस्तऐवजात दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात सांगितल्या आहेत. अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, आणि ख्रिस्त हाच मार्ग, सत्य व जीवन आहे ही घोषणाही ती थांबवत नाही. १९९१ मध्ये व्हॅटिकनने संवादाचे चार प्रकार सांगितले: जीवनाचा, कृतीचा, ईशज्ञानी विचारांचा आणि आध्यात्मिक अनुभवाचा. तिसरा प्रकार तज्ज्ञांचा आहे. पहिले दोन मात्र तुमच्या-माझ्यासाठी आहेत आणि त्यांना कसलीही पदवी लागत नाही.

दुसरी शंका बाहेरून येते: “हे लोक मदत करतात ती धर्मांतरासाठी.” हा आरोप ऐकून आपल्याला राग येतो. पण रागावण्याआधी आपण स्वतःला तपासावे. संत थोमस अक्विनास शिकवतात की कृतीचे मोल ठरवताना ती काय आहे, कशासाठी आहे आणि कोणत्या परिस्थितीत आहे, हे तिन्ही पाहावे लागते. तांदळाची पिशवी तीच असते, पण ती गळाला लावलेले आमिष झाली तर ती प्रीती राहत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या आपल्या पहिल्याच पत्रात हे स्पष्ट केले आहे. प्रीतिकार्य हे दुसरे काही साधण्याचे साधन नव्हे, आणि देवाविषयी केव्हा बोलावे व केव्हा गप्प राहावे हे ख्रिस्ती माणसाला कळले पाहिजे. कोणी आपण होऊन विचारले की तुम्ही हे का करता, तर येशूचे नाव घ्यायला मुळीच लाजू नये.

प्रसादाचा प्रश्नही वारंवार येतो. करिंथकरांस पहिल्या पत्राचे ८ व १० हे अध्याय वाचा. पौल तिथे अन्नापेक्षा भावाच्या विवेकाकडे जास्त पाहतो. देवापुढे ठेवलेला नैवेद्य म्हणून कोणी काही दिले तर हात जोडून, हसून नको म्हणावे. आदराने सांगितले तर सहसा कोणी रागावत नाही. विसर्जनाच्या गर्दीत पाणी वाटणे, चक्कर आलेल्याला सावलीत बसवणे, हरवलेले मूल आईकडे पोहोचवणे ही सेवा आहे, ती जरूर करावी. पूजेत भाग घेणे ही वेगळी गोष्ट आहे, ती आपण करत नाही.

हाच नियम उलट बाजूनेही लावा. आपण बोलावलेल्या शिबिरात जेवण ठरवताना जैन कुटुंब काय खाईल, रमजान चालू आहे का, याचा विचार आधी करावा. आपल्यालाही उपवासकाळात शुक्रवारी मटण नको असते, तेव्हा हे समजायला जड जाऊ नये. सुरुवातीची प्रार्थनाही कोणावर लादू नये. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २७ ऑक्टोबर १९८६ रोजी असिसीला सर्व धर्मांच्या पुढाऱ्यांना बोलावले, तेव्हा प्रत्येक जण आपापल्या रीतीने प्रार्थना करत होता. सगळ्यांची मिळून एक खिचडी प्रार्थना त्यांनी केली नाही. आपण दोन मिनिटे शांत उभे राहिलो तरी पुरे.

एक खंत मात्र सांगतो. आपल्या बहुतेक योजनांत आपण यजमान असतो. आपले सभागृह, आपला बॅनर आणि आपल्याच फादरांचे आभारप्रदर्शन! इतरांनी यावे अशी आपली इच्छा असते, पण दुसऱ्याने सुरू केलेल्या कामात बॅनरशिवाय जाऊन खुर्च्या लावणे आपल्याला जमत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री अनोळखी लोकांनी दिलेला चहा आणि कोरडे कपडे घेताना कोणी त्यांची जात-धर्म विचारला नव्हता. घेणे आपल्याला तेव्हा जमले होते.

समूहप्रमुखांनी बैठकीत शास्त्रपठणानंतर हे प्रश्न चर्चेला घ्यावेत. आपल्या आळीत अन्य धर्मीयांनी सुरू केलेले कोणते चांगले काम आज चालू आहे? रुग्णांना इस्पितळात नेणारे, स्मशानात लाकडे पोहोचवणारे, मुलांची मोफत शिकवणी घेणारे असे कोणीतरी असेलच. त्यांना कशाची अडचण आहे, हे आपल्यापैकी कोणी जाऊन विचारले आहे का? आणि पुढच्या बैठकीपूर्वी कोण जाणार? त्या दोघांची नावे लिहून व्हिन्सेंट दि पॉल संस्थेच्या कार्यकर्त्यांकडे द्यावीत. जाताना चर्चचे लेटरहेड नेण्याची गरज नाही.