कमिशन मिळेल, पण आधी हे ऐक

अगं, ते नऊ हजार भरू नकोस. आधी हे सगळं वाच, मग वाटलं तर माझ्यावर रागाव.

तू लिहिलंस, ‘ताई, अफिलिएट मार्केटिंगचा कोर्स आहे, महिन्याभरात पैसे वसूल होतात.’ तू पाठवलेली ती झूम मीटिंग मी शेवटपर्यंत ऐकली. गाड्या दाखवल्या, दुबईची सहल दाखवली, बँकेच्या मेसेजचे स्क्रीनशॉट दाखवले. विकायचं काय, हे मात्र पार शेवटी सांगितलं. विकायचा तोच कोर्स! सिल्व्हर पॅकेज घेतलं तर सिल्व्हरवर कमिशन, गोल्ड घेतलं तर त्याहून जास्त. आणि पहिला गृहपाठ काय, तर ओळखीच्या माणसांची यादी करा. त्या यादीत कोण येणार गं? तुझी नणंद, शाळेतल्या मैत्रिणी आणि तुझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका. ज्यांनी इतकी वर्षं तुझ्या हातावर भरवसा ठेवला, त्यांनाच नऊ-नऊ हजारांना गाठायचं.

आपल्याकडे पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा १९७८ पासून आहे. थेट विक्रीचे नियम २०२१ च्या डिसेंबरात आले, त्यांनीही पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे. तुझा कोर्स त्यात बसतो की नाही, हे वकिलांनी ठरवावं. मी एवढंच विचारते, की त्या कोर्समधून कमिशनचं आमिष काढून टाकलं, तर नुसतं शिकण्यासाठी तो कुणी घेईल का? उत्तर तुलाही माहीत आहे.

खरं अफिलिएट काम वेगळं आहे, आणि ते चांगलं काम आहे. म्हणून तर मला तुला त्यापासून तोडायचं नाही. दुकान दुसऱ्याचं असतं, माल दुसऱ्याचा असतो, पोचवण्याची जबाबदारीही त्यांचीच. तू फक्त सांगतेस, की ही वस्तू मी वापरली आहे, अमुक कामाला चांगली आहे, आणि तुझ्या नावाची लिंक देतेस. त्या लिंकवरून कुणी खरेदी केली की दुकान तुला ठरलेला टक्का देतं. अ‍ॅमेझॉनने १९९६ मध्ये अमेरिकेत हे सुरू केलं, तेव्हा लोक आपल्या संकेतस्थळावर पुस्तकं सुचवत होते. सामील व्हायला एक रुपया लागत नाही. कुणी नोंदणीचे, ट्रेनिंगचे, आयडी सुरू करण्याचे पैसे मागितले, तर तिथेच थांबायचं.

आता तू म्हणशील, मला काय येतं? मला माहीत आहे तुला काय येतं. गेल्या दिवाळीत मी आले होते तेव्हा शेजारच्या काकू नवी झिगझॅग मशीन घेऊन आल्या होत्या, आठवतं? टाका सुटत होता, दोरा तुटत होता, आणि मशीनच खराब निघाली म्हणून बिचाऱ्या रडकुंडीला आलेल्या. तू काही न बोलता स्क्रू ढिला केलास, सुई काढलीस आणि बोटांत फिरवून बघितलीस. दांडा पूर्ण गोल होता. ‘काकू, ही जुकीची सुई आहे, डीबी-एक. घरच्या मशीनला एचए-एक लागते, तिचा दांडा एका बाजूने चपटा असतो.’ डब्यातून १४ नंबरची सुई काढलीस, चपटी बाजू मागे करून बसवलीस आणि जुन्या कापडावर एक सरळ शिवण मारून दाखवलीस. पातळ सिल्कला ११, रोजच्या सुतीला १४, जाड कापडाला १६, हेही त्यांना लिहून दिलंस. काकू हसत घरी गेल्या.

बयो, हेच तुझं भांडवल आहे. मोबाईलवर हे मराठीत, नीट जवळून, हात दिसतील असं दाखवणाऱ्या बायका अजून थोड्या आहेत. शिवणकाम शिकणाऱ्या मुली गावोगावी आहेत. त्यांना सुई कुठली, बॉबिन धातूची की प्लॅस्टिकची, पायमशीनला मोटर बसवावी का, पिकोसाठी वेगळी मशीन घ्यावी का, हे विचारायला माणूस नसतं. दुकानदार खपेल ते सांगतो. तू चालेल ते सांगशील.

त्यामुळे ‘होम डेकोर’, ‘ब्यूटी’, ‘गॅजेट’ असलं सगळं एका पानावर मांडू नकोस. शिलाई मशीन आणि तिच्याभोवतीचं सामान, एवढाच तुझा विषय.

आता पैशांचं. इथे मी तुला गोड बोलून फसवणार नाही. समज, बारा हजारांची मशीन तुझ्या लिंकवरून गेली आणि कमिशन ४ टक्के आहे. ४८० रुपये झाले. अस्तराच्या एका ब्लाउजची शिलाई तू जवळपास तेवढीच घेतेस. वस्तूच्या प्रकाराप्रमाणे टक्का वेगळा असतो आणि कंपनी तो मनाला येईल तेव्हा बदलते. अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने २०२० च्या एप्रिलमध्ये घरसामान आणि फर्निचरचं कमिशन ८ टक्क्यांवरून थेट ३ वर आणलं, आणि निव्वळ त्यावर घर चालवणाऱ्यांची मिळकत निम्म्याहून खाली आली. म्हणून शिवणकाम सोडायचं नाही. कुणी कितीही ‘पॅसिव्ह इन्कम’ म्हणो, शिवणकाम सोडायचं नाही. आणि मशीन सुटली तर नवे व्हिडिओ कशावर करणार?

लिंकचा हिशोब कसा चालतो हे तुला कुठल्याच मीटिंगमध्ये कुणी सांगणार नाही, ते समजून घे. अ‍ॅमेझॉनवर कुणी तुझ्या लिंकवरून गेलं की २४ तासांची मुदत सुरू होते. त्या वेळात तिने जे काही विकत घेतलं, त्यातल्या बहुतेक वस्तूंचं कमिशन तुला. मध्येच तिने दुसऱ्या कुणाची लिंक दाबली, की तुझा हक्क गेला. वस्तू २४ तासांच्या आत कार्टमध्ये टाकून ठेवली, तर मात्र साधारण ९० दिवसांपर्यंत तुझं नाव त्या वस्तूला चिकटून राहतं.

आता आपल्या घरांत मशीन कशी घेतली जाते ते आठव. बाई रात्री जेवणं आटोपल्यावर व्हिडिओ बघणार. मग नवऱ्याला विचारणार, पगार होऊ देणार, जावेकडची मशीन एकदा चालवून बघणार, दिवाळीच्या ऑफरची वाट बघणार. तोवर तुझे २४ तास कधीच उलटलेले असतात. म्हणून ‘आवडली तर आत्ताच कार्टमध्ये ठेवा, घरी विचारून मग घ्या’ असं सरळ सांग, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आणि छोट्या वस्तूंना कमी लेखू नकोस. सुयांचं पाकीट, बॉबिनचा सेट, चांगली कात्री, मेझरिंग टेप, मशीनचं तेल यासाठी कुणी घरी विचारत नाही. व्हिडिओ बघितला, गरज होती, मागवलं. सुरुवातीचं तुझं कमिशन मला वाटतं यातूनच येईल.

खातं उघडल्यापासून १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर ते बंद होतं, पुन्हा अर्ज करावा लागतो. त्या भीतीने आईच्या फोनवरून तुझीच लिंक दाबून काही मागवू नकोस, नियमांत ते बसत नाही. मशीन परत गेली तर तिचं कमिशनही परत जातं. पैसे साधारण दोन महिन्यांनी येतात, म्हणजे ऑगस्टचं ऑक्टोबर संपता संपता. त्या पैशावर हप्ता लावून घेऊ नकोस गं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. काय विकत घेऊ नका, हे तू सांगितलंच पाहिजेस. अस्तर ऑनलाइन घेऊ नका, पडद्यावरचा रंग आणि हातातला रंग जुळत नाही, काठाचा तुकडा घेऊन मॅचिंग सेंटरमध्येच जा, असं तूच मला बजावलं होतंस ना? तेच व्हिडिओत बोल. तुमच्या गावात त्या कंपनीच्या मशीनचा मेकॅनिक नसेल तर दोनशे रुपये वाचवायला ऑनलाइन घेऊ नका, जवळच्या दुकानातून घ्या, हेही बोल. पाचशे-हजाराला मिळणाऱ्या हातात मावणाऱ्या छोट्या मशीनवर ब्लाउज होत नाही, हे तर पहिल्याच दिवशी बोल. कितीतरी मुलींचे पैसे त्यात जातात. यातल्या एकाही वाक्यावर तुला कमिशन नाही. पण पुढे तू जेव्हा एखादी कात्री चांगली म्हणशील, तेव्हा ती बाई विचार न करता घेईल.

हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेत ब्रायन लॅम यांनी २०११ मध्ये वायरकटर नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. वस्तू स्वतः वापरून, तपासून, त्यातली एक निवडून सांगायची आणि बाकीच्या का नाकारल्या तेही लिहायचं. कमाई मुख्यतः अफिलिएट लिंकची. २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते सुमारे तीन कोटी डॉलरना घेतलं. तेवढ्याच जोरावर घेतलं, की त्यांच्या शब्दावर लोक खरेदी करत होते.

आणि कमिशन मिळतं हे उघड सांगायचं. ‘या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं, तुम्हाला जास्त पैसे पडत नाहीत’, हे व्हिडिओत तोंडाने बोल, पडद्यावर लिही, आणि मराठीतच लिही. जाहिरात मानक परिषदेचे नियम २०२१ च्या जूनपासून लागू आहेत, आणि केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२३ च्या जानेवारीत पुन्हा बजावलंय, की हे हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचं नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड दहा लाखांपर्यंत आहे, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. पण दंडासाठी नको सांगूस. समोरची बाई तुझ्या आईच्या वयाची असेल, तिला कळायला हवं की तुझा यात काय लाभ आहे.

किंमत मात्र व्हिडिओत बोलू नकोस. ती सकाळी एक, संध्याकाळी एक असते, आणि उद्या बाई म्हणेल की हिने खोटं सांगितलं.

कुठे टाकायचं, तर सुरुवात यूट्यूबवरच कर. इन्स्टाचं रील चार दिवसांत विरून जातं. ‘मशीनचा टाका सुटतो’ असं कुणी वर्षभराने शोधलं तरी यूट्यूबवर तुझा व्हिडिओ सापडेल. फ्लिपकार्ट आणि मिंत्राला जोडून यूट्यूबने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे स्वतःची अफिलिएट सोयही आणली, पण ती चॅनेल मोठं झाल्यावरची गोष्ट. अ‍ॅमेझॉनच्या अर्जात तुझं चॅनेल नोंदवावं लागतं. नोंदवलेल्या जागा सोडून इतरत्र लिंक टाकायची झाली तर आधी नियम वाच. छापील कागदावर तर चालतच नाही. घरातल्या आणि भिशीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज लिंका टाकू नकोस, हे नियमाचं नाही, माझं सांगणं आहे. लोक तोंडावर बोलत नाहीत, पण हळूच म्यूट करतात.

एकदा चार माणसं बघायला लागली की तुला भलभलते मेसेज येतील. गेमिंग अ‍ॅपची लिंक टाक, एका डाउनलोडचे इतके देऊ. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे, तिकडे ढुंकूनही बघू नकोस. टेलिग्रामवर ‘रिव्ह्यू लिहा, पैसे मिळवा’ म्हणणारे आधी शंभर-दोनशे देतात आणि मग स्वतःचे पैसे भरायला लावतात. कुणी अडकलंच तर लाजून गप्प बसायचं नाही, १९३० वर लगेच फोन करायचा. डाएटच्या पावडरी, गोरेपणाची क्रीम, शेअरच्या टिप्स, यातलं काही तुझ्या विषयातलं नाही, मग कमिशन कितीही असो.

राहिलं खात्याचं. पॅन तुझा, बँक खातं तुझं, त्या खात्याशी जोडलेला फोन नंबरही तुझाच हवा. भाऊजी चांगले आहेत, तरीही. कामाची नोंद तुझ्या नावावर राहू दे. लग्नानंतर आधारवर नाव बदललंस आणि पॅनवर माहेरचंच आहे, असं असेल तर पैसे अडकतात, ते आधी जुळवून घे. ठरावीक रकमेच्या वर कमिशन गेलं की टीडीएस कापतात. २०२४ च्या ऑक्टोबरपासून तो ५ टक्क्यांचा २ टक्के झालाय, पॅन दिला नाही तर मात्र २० टक्के जातात. कापलेले पैसे रिटर्न भरून परत मागता येतात, त्यासाठी मी बसेन तुझ्यासोबत.

पहिला व्हिडिओ सुईचा कर. दुपारी खिडकीशी मशीन ओढ, ऊन तिरपं असताना, म्हणजे दांड्याची चपटी बाजू कॅमेऱ्यात उमटेल. पंखा बंद ठेव, आवाजात घरघर येते. चेहरा दाखवायचा नसेल तर नको दाखवूस, हात पुरेत. काकूंना जसं सांगितलंस तसंच सांग. झाला की टाकायच्या आधी मला पाठव.