अळिंबीच्या खोलीची वायर तपासा, मगच कूलर चालू करा

एप्रिल-मेमध्ये धाराशिव जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. धिंगरी अळिंबीला मात्र 20 ते 30 अंश तापमान आणि 80 ते 90 टक्के आर्द्रता लागते. त्यामुळे बंद खोलीत एसी, कूलर आणि फॉगर दिवसभर सुरू असतात. काड निर्जंतुक करणे, बेड भरणे तुम्हाला येते; त्यावर इथे लिहीत नाही. या हंगामात भीती आहे ती तापलेल्या वायरीची. पाचट, तट्ट्या आणि शेडनेटच्या खोलीत ठिणगी पडली, तर आग विझवायलाही वेळ मिळत नाही.

एमसीबी पडू लागला की मोठा बसवायचा, ही सवय आधी सोडा. एमसीबी वायरीच्या रक्षणासाठी असतो. 16 अँपिअरच्या जागी 32 चा बसवला, तर वायर तापत राहते, एमसीबी पडत नाही आणि आवरण वितळते. फ्यूजमध्ये तांब्याच्या तारांचा पीळ घालणेही तितकेच घातक.

हिशेब असा करा. दीड टनाचा एसी, कूलर, फॉगरचा पंप, पंखे, दिवे मिळून 3000 वॅट धरू. 230 व्होल्टला 13 अँपिअर होतात. पण दुपारी दाब 190 वर आला की एसी आणि पंप जास्त प्रवाह ओढतात, म्हणजे सुमारे 16. भार तासन्‌तास चालतो, म्हणून पाव हिस्सा वाढवा: 20. पाइपातली 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याची वायर 45 अंशांच्या उष्णतेत एवढा भार सुरक्षितपणे पेलत नाही. 4 चौ.मिमी. घ्या, त्यावर 20 अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी. मीटरपासून खोली 60 मीटर लांब असेल, तर 6 चौ.मिमी.च घ्या. 16 अँपिअरला 2.5 च्या वायरीत तब्बल 17 व्होल्ट वाटेतच जातात, 6 च्या वायरीत सुमारे 7.

तुळजापूर तालुक्यातील एका उत्पादकाचा एसी वारंवार बंद पडायचा. शेजाऱ्याच्या सल्ल्याने त्याने स्टॅबिलायझर आणला. स्टॅबिलायझर वीज निर्माण करत नाही. दाब वर उचलताना तो मागच्या वायरीतून अधिक प्रवाह ओढतो. पाहणीत आढळले, की फॉगरच्या तुषारांखाली ॲल्युमिनियमची वायर तांब्याच्या वायरीला पिळून जोडलेली होती. टेप डांबरासारखी ओघळली होती, आतला जोड काळा पडला होता. दुखणे तिथे होते, पैसे मात्र स्टॅबिलायझरवर गेले.

डीबी, म्हणजे एमसीबी बसवायची पेटी, खोलीबाहेर, सावलीत, कोरड्या भिंतीवर बसवा. एसी, पंप आणि दिव्यांना वेगळे एमसीबी द्या. ओल्या खोलीत वीजगळती होताच पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच, कारण एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवत नाही. अर्थिंग स्वतंत्र करून मोजून घ्या. न्यूट्रलला जोडलेली अर्थिंग म्हणजे मृत्यूला आमंत्रण. विहिरीच्या पंपाच्या जोडणीवर खोली चालवू नका. अळिंबी लागवडीसाठी महावितरणकडे ‘कृषी – इतर’ वर्गात वेगळी जोडणी मागा. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या.

भर दुपारी सगळी यंत्रे चालू असताना डीबीजवळ थांबा. जळका वास आला किंवा डीबीचे झाकण गरम लागले, तर मेन स्विच बंद करा. पाणी मारू नका. वायर बदलेपर्यंत नवा बेड भरू नका.