पगार कोणाचा, व्हिसा कोणाचा? : मनुष्यबळ कंपनीमार्फत परदेशी जाणाऱ्या कारागिरांसाठी

घुग्घुस, गडचांदूर, बल्लारपूर, दुर्गापूर या भागातील वेल्डरला किंवा फिटरला ठेकेदारी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. काम सिमेंट कारखान्यात किंवा वीज केंद्रात असते. पण गेटपास ठेकेदारामार्फत निघतो आणि पगारही ठेकेदारच देतो. आखाती देशांतील पुष्कळशा नोकऱ्या अशाच असतात. काम एका कंपनीच्या साइटवर आणि व्हिसा दुसऱ्याच मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीच्या नावावर. कारागीर बोलीभाषेत तिला ‘सप्लाय कंपनी’ म्हणतात.

फरक मात्र मोठा आहे. इथे ठेकेदाराशी बिनसले तर माणूस दुसऱ्या ठेकेदाराकडे जातो. तिथे व्हिसा देणाऱ्या कंपनीशी नाते तुटले की त्या देशात राहण्याचा हक्कच धोक्यात येतो. म्हणून चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील आपल्या कारागीर बंधूंनी पगाराचा आकडा विचारण्यापूर्वी व्हिसा कोणाच्या नावावर आहे हे विचारावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

शिक्का कोठे उठतो?

व्हिसाचे काम दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा भारतात. वैद्यकीय तपासणी होते, करारनाम्यावर सही होते आणि प्रवेशाचा व्हिसा मिळतो. सौदी अरेबियासाठी वेल्डर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन अशा कामांना कौशल्य चाचणीही द्यावी लागते. दुसरा टप्पा त्या देशात पोहोचल्यावर. सौदीत इकामा, म्हणजे राहण्याचे ओळखपत्र, काढावे लागते आणि ते आल्यापासून 90 दिवसांत निघाले पाहिजे. संयुक्त अरब अमिरातीत पुन्हा वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे आणि एमिरेट्स आयडी हा क्रम असतो.

पासपोर्टवरील स्टिकर पाहून निर्धास्त होण्याचे दिवस आता गेले. सौदीने 2023 पासून भारतीयांसाठी स्टिकरऐवजी क्यूआर कोड असलेला छापील व्हिसा सुरू केला. अमिरातीने 2022 मध्ये पासपोर्टवर निवासाचा शिक्का मारणे बंद केले. तिथे आता आयडी कार्ड हाच पुरावा आहे. दुसरा टप्पा पूर्ण होईपर्यंत कारागिराचे काम अर्धेच झाले असे समजावे.

चार कागद, एकच नाव

सप्लाय कंपनीत जाणे बेकायदा नाही. कागदांचा मेळ बसत नसेल तर मात्र धोका आहे. पुढील चार कागद एकाशेजारी एक ठेवून वाचावेत.

1. करारनामा : पगार देणारी कंपनी कोणती?
2. व्हिसा : मालक म्हणून कोणाचे नाव आहे?
3. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरील नोंद : भरती करणारा कोण?
4. तिकडे गेल्यावर मिळणारा इकामा किंवा कार्ड.

चारही ठिकाणी मालकाचे नाव एकच हवे. पेशाही तोच हवा. व्हिसावर ‘आमिल’, म्हणजे साधा मजूर, आणि हातात वेल्डिंगचे काम, असे असेल तर पुढे वाद झाल्यास कारागिराची बाजू लंगडी पडते. कुवेतमध्ये कलम 18 चा परवाना खासगी कंपनीच्या कामगारासाठी असतो आणि कलम 20 चा घरकामासाठी. कलम 20 वर जाऊन गॅरेजात काम करणे नियमात बसत नाही.

सौदीत मालकाने आपला कामगार दुसऱ्या कंपनीकडे पाठवायचा असेल तर ‘अजीर’ या सरकारी व्यवस्थेत त्याची नोंद करावी लागते. साइटवर पाय ठेवण्याआधी त्या नोंदीचा कागद मागून घ्यावा.

आझाद व्हिसाचा मोह

‘व्हिसा घ्या आणि हवे तिथे काम करा’ हे बोल दलालांच्या तोंडी नेहमी असतात. आझाद व्हिसा नावाचा कोणताही सरकारी व्हिसा नाही. नाव एकाचे आणि काम दुसऱ्याकडे, असा तो उघड नियमभंग आहे. सौदी कामगार कायद्याच्या 39 व्या कलमाने त्याला मनाई आहे. पकडला जातो तो कामगार. दलाल इकडे सुरक्षित राहतो. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे कामाचा करून देऊ’ हेही तसेच. वचन पाळले गेले नाही तर दाद मागायला हातात एकही कागद उरत नाही.

पैशाचा हिशेब

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरची नोंद असते. अशांना नोकरीसाठी आखातातील देशांसह 18 देशांत जाताना उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी लागते. पूर्वी तिचा शिक्का पासपोर्टवर उठे. आता हे काम ई-मायग्रेटवर होते. ही मंजुरी कटकट वाटते, पण तिच्यामुळे करारनामा आणि मालक यांची सरकारदरबारी नोंद राहते.

1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार भरती करणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची आहे. गावात फिरणाऱ्या उपएजंटाला त्यात स्थान नाही. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते, तेही पावती देऊन. प्रवासी भारतीय विमा योजनेचा हप्ता दोन वर्षांसाठी 275 आणि तीन वर्षांसाठी 375 रुपये असून अपघाती मृत्यूसाठी 10 लाखांचे संरक्षण मिळते.

आता दोन शब्द व्यापारी बंधूंसाठी. नात्यातील किंवा मोहल्ल्यातील तरुण व्हिसासाठी उसने मागायला प्रथम आपल्याच दुकानात येतो. रक्कम देण्याआधी त्याचे कागद मागा आणि एजंटाचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर तपासून पाहा. कागद नसतील तर पैसे न देणे हेच त्याच्यावर उपकार आहेत. नाहीतर घरातले दागिने गहाण पडतात आणि मुलगा सहा महिन्यांत रिकाम्या हाताने परततो.

निघण्यापूर्वी सर्व कागदांच्या दोन प्रती घरी ठेवाव्यात. शंका असल्यास परराष्ट्र मंत्रालयाच्या 1800-11-3090 या निःशुल्क क्रमांकावर विचारावे. तक्रार असेल तर ‘मदद’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदवावी. सही करताना करारनामा समजत नसेल तर समजणाऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा. त्यात लाज बाळगण्यासारखे काही नाही.