स्वप्नातला प्याला

शास्त्रपाठ : उत्पत्ती ४०:१-१५, ४१:३३-३६. तसेच ईयोब ३३:१४-१८; यशया २९:८; यिर्मया २३:२५-२८; याकोब ५:१६.



आमच्या हैदराबादेतील मंडळीत एक भाऊ आहेत. त्यांचे नाव येथे देत नाही. वीस वर्षे ताडी व दारू यांच्या पाशात राहिल्यावर, प्रभूच्या कृपेने व डॉक्टरांच्या उपचाराने ते सुटले. तिसऱ्या महिन्यात एका रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी ते उठून बाहेर गेले. पुढच्या रविवारी आलेच नाहीत. आम्ही घरी गेलो तेव्हा ते खाली मान घालून म्हणाले, "मी पुन्हा प्यालो." त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, प्याले कुठे? स्वप्नात प्याले. पण स्वप्न पहाटेचे होते, म्हणून मलाही धडकी भरली."

आम्ही त्या वेळी काय सांगितले ते कबूल करतो. "झोपण्यापूर्वी प्रार्थना करायला चुकला असाल," असे बोलून आम्ही चहा घेऊन परत आलो. प्रार्थना त्यांनी रोज केली होती. आमच्या शब्दाने ओझे हलके झाले नाही, वाढले. आठ दिवसांनी ते कल्लू कंपाउंडच्या दारापर्यंत जाऊन परतले. "प्यालोच आहे, तर आता राखायचे काय?" असे मनात आले होते, हे त्यांनी पुढे सांगितले. त्या दिवसापासून आम्ही हा विषय शास्त्रातून व जाणकारांकडून समजून घेऊ लागलो. तोच आज आपणापुढे ठेवीत आहोत.

१. असे स्वप्न का पडते?

झोपेत एक अवस्था अशी असते की शरीर स्वस्थ पडलेले, पण मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलत असतात. १९५३ साली शिकागो येथील संशोधकांनी तिचे वर्णन केले. ठळक स्वप्ने बहुधा याच अवस्थेत पडतात. रात्रीतून ती चारपाच वेळा येते आणि पहाटेकडे अधिक लांबते. पहाटेचे स्वप्न ध्यानात राहते ते यामुळे; ते खरे होते म्हणून नव्हे.

दारू ही अवस्था दडपून टाकते. दारू सुटली की दडपलेली अवस्था जोराने परत येते आणि स्वप्ने भडक व खरीखुरी वाटू लागतात. त्यांत प्याला दिसावा, वास यावा, जिभेवर चव राहावी, यात नवल नाही. २०१९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, व्यसनातून बाहेर आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी अशी स्वप्ने पडल्याचे सांगितले. ज्यांचे व्यसन अधिक कठीण होते त्यांना ती अधिक पडली. आणि सुटकेचा काळ जितका लांब, तितकी ती विरळ झाली.

आपल्यात म्हण आहे, "मनी वसे ते स्वप्नी दिसे." ती ऐकवून पुष्कळ जण अशा माणसाला दोष देतात. परंतु मनात हाव वसते तशी भीतीही वसते. जागे होताच ज्याच्या अंगाला घाम सुटतो आणि "देवा, ते खरे नव्हते" म्हणून ज्याला हायसे वाटते, त्याच्या मनात दारूविषयी काय वसले आहे, हे त्या घामानेच सांगितले. यशया संदेष्ट्याने सियोनेच्या शत्रूंविषयी बोलताना, स्वप्नात पाणी पिऊन तहानलेलाच जागा होणाऱ्या माणसाचा दाखला दिला आहे. स्वप्नातले पाणी तहान भागवीत नाही. तसाच स्वप्नातला प्याला व्रत मोडीत नाही.

२. एक सावधगिरी

स्वप्न वेगळे आणि डोळे उघडे असता नसलेले दिसणे वेगळे. व्यसन एकाएकी थांबवल्यावर माणसाचे हातपाय कापू लागले, झटके आले, तो बरळू लागला, भिंतीवर किडे दिसतात म्हणू लागला, तर प्रार्थना करीतच त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. आमच्या शहराला हे चांगले ठाऊक आहे. येथील ताडीत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलम अशी गुंगीची द्रव्ये मिसळल्याचे वेळोवेळी उघडकीस आले आहे. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदीत दुकाने बंद झाली, तेव्हा एर्रागड्डा येथील सरकारी मानसिक रुग्णालयात अशा रुग्णांची रीघ लागली. म्हणून "आजपासून एकदम बंद" असा सल्ला डॉक्टरांवाचून कोणी देऊ नये. शासनाचा १४४४६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक याच कामासाठी आहे.

३. योसेफापासून धडा

तुरुंगातील योसेफाची गोष्ट आपण मुलांना नेहमी शिकवतो. त्यात प्याला आहे, प्यालेबरदार आहे आणि स्वप्नही आहे. तो प्यालेबरदार व्यसनी होता असे शास्त्र म्हणत नाही. आपण योसेफाकडे पाहू या.

(अ) त्याने सकाळी तोंडे पाहिली. दोघे कैदी उदास दिसले, आणि आज चेहरे का उतरले असे त्याने विचारले. स्वप्नाचा अर्थ पुढची गोष्ट. आधी हा प्रश्न. आमच्या भावाचा चेहरा प्रभुभोजनाच्या दिवशी उतरला होता, तो आम्ही सर्वांनी पाहिला. विचारले कोणी नाही.

(आ) त्याने ऐकून घेतले. उलगडा करणे देवाकडे आहे असे म्हणून त्याने स्वप्न सांगायला लावले. लपवलेले स्वप्न माणसाला एकटे पाडते. सांगितलेले स्वप्न हलके होते. याकोब आपल्याला एकमेकांजवळ कबुली देण्यास व एकमेकांसाठी प्रार्थना करण्यास सांगतो. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरी दोन मद्यपी एकमेकांशी मोकळेपणी बोलले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणातही व्यसनातून सुटलेला माणूस दुसऱ्याचा आधार होतो.

(इ) त्याने तरतूद केली. फारोच्या स्वप्नाचा अर्थ सांगून योसेफ थांबला नाही. सुकाळात धान्य साठवा, असा मार्ग त्याने दिला. व्यसनमुक्त माणसानेही स्वप्नाला विचारावे : काल काय घडले? कोणाशी भांडण झाले? पगाराचा दिवस होता काय? कोणा जुन्या सोबत्याची गाठ पडली? उपाशी झोपलो काय? उत्तर सापडले तर आजची तरतूद करावी. त्या रस्त्याने न जाता दुसऱ्या रस्त्याने घरी यावे, पगार पत्नीच्या हाती द्यावा, संध्याकाळी एका भावाला भेटावे. उत्तर सापडले नाही तर उगाच खणत बसू नये. पुष्कळ कामामुळेही स्वप्न पडते, असे उपदेशक सांगतो. मात्र जागे झाल्यावर हायसे वाटण्याऐवजी हळहळ वाटली, ओढ दिवसभर राहिली, तर त्याच दिवशी मदत मागावी.

४. स्वप्नाची मर्यादा

देव स्वप्नात माणसाला सावध करून खाचेपासून राखतो, असे अलीहू ईयोबाला म्हणतो. तथापि यिर्मया स्वप्नाला भुसा व देवाच्या वचनाला गहू म्हणतो. म्हणून कोणी "मला स्वप्नात दिसले, तू आता बरा झालास, औषध बंद कर" असे म्हणेल तर मानू नये. आणि "तुझे स्वप्न सैतानाचे आहे" असा शिक्काही मारू नये. घंटा वाजली तर दार तपासावे. घंटेची पूजाही करू नये, तिला शिव्याही देऊ नयेत.

त्या भावाकडे आम्ही पुन्हा गेलो आणि आधी क्षमा मागितली. मग त्यांनी सर्व स्वप्न सांगितले. आदल्या दिवशी जुन्या सोबत्याने त्यांना बसथांब्यावर हाक मारली होती, हे बोलता बोलता त्यांनाच आठवले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा मुलगा त्या थांब्यापर्यंत सोबत जाऊ लागला. पुढच्या प्रभुभोजनाला ते पत्नीशेजारी बसले होते. स्वप्ने अजून कधीमधी पडतात. आता ते सकाळीच पत्नीला सांगतात, आणि त्या म्हणतात, "बरे झाले, जागे झालात. चला, चहा घ्या."

वर्गासाठी प्रश्न

१. योसेफाने कैद्यांना पहिला प्रश्न कोणता विचारला? आपल्या वर्गात असा उतरलेला चेहरा कोणाचा आहे?
२. स्वप्नात घडलेले व जागेपणी निवडलेले यांत फरक काय?
३. ज्या मुलाच्या घरी व्यसन आहे, त्याला न लाजवता हा धडा कसा शिकवाल?
४. या आठवड्यात कोणाला कोणत्या रस्त्यावर सोबत करता येईल?