पाल्याचा कल ओळखताना

दहावीचा निकाल लागला की ‘पुढे काय?’ हा प्रश्न आपणां डॉक्टर मंडळींच्या घरी बहुधा विचारलाच जात नाही. दवाखाना तयार असतो, पाटी तयार असते. उरते ती केवळ ‘नीट’ची परीक्षा. २०२४ साली या परीक्षेस २३ लाखांहून अधिक मुले बसली आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्याही आत होत्या. या चढाओढीत आपला पाल्य टिकेल का, याची चिंता सर्वांना असते. त्याचा पिंड वैद्यकीचा आहे का, याची चौकशी क्वचितच होते. बालरोगतज्ज्ञाकडे या ताणाचे पडसाद पोटदुखी, डोकेदुखी, निद्रानाश अशा रूपांनी येतात. तपासण्या निर्दोष निघतात, दुखणे मात्र खरे असते. ‘काही नाही, अभ्यास टाळतोय’ हे निदान नव्हे.

‘कल’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. जे सहज जमते ती अभिक्षमता, जे करावेसे वाटते ती अभिरुची आणि ते कशासाठी करावयाचे हे प्रयोजन. तिन्ही एकत्र नांदतीलच असे नाही. गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या मुलीला गणिताचा कंटाळा असू शकतो. व्यवसाय-मार्गदर्शनाचे आद्य प्रवर्तक फ्रँक पार्सन्स यांचा या विषयावरील ग्रंथ १९०९ साली निघाला. स्वतःची ओळख, कामांच्या जगाची ओळख आणि त्या दोहोंची विचारपूर्वक सांगड, ही त्यांची मांडणी. आपल्याकडे कलचाचण्या होतात त्या पहिल्या भागासाठी. दुसरा भाग बहुतेक कोराच राहतो. ज्याने लेथ यंत्र कधी पाहिलेच नाही, तो प्रश्नावलीत ‘यंत्रकाम आवडते’ यावर खूण कशी करणार? शिवाय पंधराव्या वर्षीची अभिरुची पुष्कळदा बदलते. म्हणून चाचणी करावी. परंतु तिचा अहवाल जन्मपत्रिकेसारखा वाचू नये.

बडोदेकरांना एक उदाहरण जवळचे वाटेल. त्र्यंबकेश्वरच्या विद्वान ब्राह्मणाच्या घरातील धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून आपल्या कलाभवनात आले. येथे चित्रकला, छायाचित्रण असे बरेच काही शिकले. पुढे गोध्र्यात फोटोचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यात आरेखकाची नोकरी, मग छपाईचा धंदा. आजच्या पालकांनी याला सरळ धरसोड म्हटले असते. पण चित्र पाहणारा डोळा, तंत्र हाताळणारा हात आणि लोकांना थक्क करण्याची हौस या प्रत्येक टप्प्यात होती. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला तेव्हा फाळके ४३ वर्षांचे होते. त्यांच्या शाळकरी वयात चित्रपटाचा व्यवसायच अस्तित्वात नव्हता, तर कोणती चाचणी त्यांना तो सुचवणार होती? अर्थात कल सापडला म्हणून संपत्तीही सापडते असे नाही; दादासाहेबांची अखेरची वर्षे ओढगस्तीतच गेली. पालकांची आर्थिक काळजी मी म्हणूनच वेडगळ मानत नाही.

आणि वैद्यकी हा तरी एकच व्यवसाय कोठे आहे? सूक्ष्मदर्शकापाशी तासन्‌तास रमणारा, अपघात विभागात क्षणात निर्णय घेणारा आणि रडणाऱ्या बाळाच्या आईशी शांतपणे बोलणारा, हे तीन निराळे स्वभाव आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञाच्या मुलाने मानसोपचार निवडला तर घराणे बुडत नाही. प्रसूतिगृहाच्या इमारतीचे काय करावयाचे, हा प्रश्न इमारतीचा आहे, मुलाचा नव्हे.

सुटीत मुलांना आपल्या दवाखान्यात जरूर बसवावे. पण चार दिवस वकील मित्राबरोबर न्यायालयात, चार दिवस कारखान्यात, शेतावर किंवा एखाद्या शाळेतही पाठवावे. संध्याकाळी ‘आवडले का?’ असे विचारू नये. आपल्याला हवे ते उत्तर द्यायला मुले लवकर शिकतात. ‘आज काय पाहिलेस?’ एवढेच विचारावे आणि सांगताना ते मूल कोठे रंगते तिकडे कान द्यावा.